चारित्र्य तपासायचे तर तारखा पाहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

देशाच्या नेतृत्वाचे चारित्र्य हा विषय निघाला की चर्चा राहणीतला साधेपणा, घरगुती वागणूक आणि भाषणातली तळमळ यांभोवती फिरत राहते. इतिहास पाहिला तर ही मोजपट्टी फसवी आहे. फ्रेंच राज्यक्रांतीतला नेता रोब्सपिएर याची फ्रान्समध्ये ख्याती होती ती पैशाला न भुलणारा म्हणून, आणि ती खरीही होती. त्याच्याच पाठबळावर १० जून १७९४ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने आरोपीचा वकील काढून घेतला आणि न्यायाधिकरणापुढे दोनच निकाल ठेवले : सुटका किंवा मृत्यू. सात आठवड्यांनी त्याची सत्ता कोसळली, पण तोवर एकट्या पॅरिसमध्ये हजाराहून अधिक माणसे गिलोटिनखाली गेली होती. हात स्वच्छ होते, पण आपले चुकू शकते ही शंकाच त्याला नव्हती.

मग पाहायचे काय? नियम आणि स्वतःची खुर्ची समोरासमोर येतात तेव्हा माणूस काय करतो, एवढे पाहावे. याचा पुरावा आठवणींत आणि गौरवग्रंथांत शोधत बसू नये. आरोप कधी झाला, कागद कधी उघडले, चौकशी कोणी केली, अहवाल कधी आला, राजीनामा कधी दिला, या तारखा ओळीने मांडल्या की बरेच काही उलगडते.

मुंदडा प्रकरण घ्या. आयुर्विमा महामंडळ स्थापन होऊन वर्षही झाले नव्हते. जून १९५७ मध्ये त्याने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. पैसा पॉलिसीधारकांचा होता आणि महामंडळाच्या गुंतवणूक समितीला आधी विचारलेही नव्हते. डिसेंबरमध्ये लोकसभेत हा विषय लावून धरला तो फिरोज गांधी यांनी. ते सत्ताधारी पक्षाचे खासदार आणि पंतप्रधानांचे जावई. जानेवारी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला. सुनावणी खुली होती, आणि गर्दी एवढी लोटली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. अर्थसचिवांपासून खुद्द अर्थमंत्र्यांपर्यंत सर्वांच्या साक्षी लोकांसमोर झाल्या. फेब्रुवारीत अहवाल आला आणि त्याच महिन्यात अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी पायउतार झाले. संसदेतल्या चर्चेपासून राजीनाम्यापर्यंत जेमतेम दोन महिने.

छागलांचे म्हणणे असे की, सचिवाने केलेल्या कामाची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच. हाताखालच्या माणसाआड त्याला लपता येत नाही. आज कोणताही घोटाळा बाहेर आला की पहिला बळी कारकुनाचा नाहीतर अधिकाऱ्याचा जातो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. या कथेत सगळे धुतल्या तांदळासारखे होते असे मात्र नाही. सुरुवातीची सरकारी उत्तरे चांगलीच मोघम होती. आपल्या अर्थमंत्र्यावरचा नेहरूंचा लोभही कमी झाला नाही. १९६२ मध्ये कृष्णम्माचारी मंत्रिमंडळात परतले आणि पुढल्या वर्षी पुन्हा अर्थमंत्री झाले. तरीही नेहरूंनी चौकशी बंद दाराआड नेली नाही की लांबवली नाही. एवढे जमले तरी ते थोडे नव्हे.

नोव्हेंबर १९५६ मधील अरियलूर रेल्वे अपघातानंतरचा तेव्हाचे रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांचा राजीनामा सर्वांना पाठ असतो, पण नेहरूंनी तो स्वीकारताना जे सांगितले ते सहसा कोणी सांगत नाही. शास्त्री अपघाताला जबाबदार आहेत असे आपण मुळीच मानत नाही, घटनात्मक औचित्याचा पायंडा पडावा म्हणून राजीनामा स्वीकारतो, असे ते लोकसभेत म्हणाले. जबाबदारी घेणे म्हणजे गुन्हा कबूल करणे नव्हे, हा फरक आपल्या सार्वजनिक जीवनातून पुसला गेला. परिणामी आता कोणी राजीनामाच देत नाही. दिला तर ‘मी दोषी’ असा त्याचा अर्थ लावला जाईल, ही भीती.

याच्या उलट बाजूला १९७५ साल. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. कारण होते प्रचारात सरकारी सेवकांची मदत घेतल्याचे. प्रकरण तसे मोठे नव्हते. २४ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने सशर्त स्थगितीही दिली होती. २५ तारखेला आणीबाणी आली. ऑगस्टपर्यंत निवडणूक कायदा पूर्वलक्षी प्रभावाने बदलला आणि एकोणचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेली. त्यातला कळीचा भाग सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरात रद्द ठरवला. चालू खटल्यातला पक्षकारच कायदा बदलतो, तेव्हा त्याचे हेतू तपासत बसण्याची गरज उरत नाही. अर्थात १९७७ मध्ये त्यांनी निवडणूक घेतली आणि हरल्यावर खुर्ची सोडली, हेही त्यांच्या खात्यावर जमा धरले पाहिजे.

अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना वॉटरगेट प्रकरणातही विरोधी पक्षाच्या कार्यालयातल्या मूळ घरफोडीपेक्षा लपवाछपवी भोवली. १७ जून १९७२ ला चोर पकडले गेले. २३ जूनला, म्हणजे सहाच दिवसांत, गुप्तहेर संस्थेला पुढे करून एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेचा तपास थांबवण्याच्या बेताला निक्सन यांनी होकार दिला. तो संवाद त्यांच्याच ध्वनिमुद्रण यंत्रात अडकला. पण या प्रकरणात मला महत्त्वाची वाटते ती २० ऑक्टोबर १९७३ ची संध्याकाळ. या प्रकरणाचा तपास करणारे विशेष अभियोक्ता कॉक्स यांना काढून टाका, असा निक्सन यांचा आदेश निघाला. ॲटर्नी जनरल (न्याय खात्याचे प्रमुख) रिचर्डसन यांनी नकार देऊन राजीनामा दिला, त्यांचे उपप्रमुख रकल्सहाउस यांनीही तेच केले. अखेर तिसऱ्या अधिकाऱ्याने आदेश बजावला. पुढे जुलै १९७४ मध्ये ध्वनिफिती हवाली करण्याचा निकाल एकमताने देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींपैकी तिघे निक्सन यांनीच नेमलेले होते. उपकाराची फेड कोणी केली नाही. ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले.

सर्वोच्च नेत्याचे चारित्र्य कितीही तपासा, दुसऱ्या फळीत ‘नाही’ म्हणणारी माणसे नसतील तर त्याचा उपयोग मर्यादित. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. तो इशारा नेत्यांपेक्षा त्यांच्या भोवतालच्यांना अधिक लागू पडतो.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. एखाद्या मंत्र्यावर वा पंतप्रधानांवर गंभीर आरोप झाला की त्याच्या स्वभावचित्राऐवजी एक छोटी चौकट रोज छापावी : आरोपाची तारीख, मूळ कागद सभागृहापुढे ठेवल्याची तारीख, चौकशी करणाऱ्याचे नाव व तो कोणाच्या अखत्यारीत आहे, सुनावणी खुली की बंद, आणि यादरम्यान संबंधित कायद्यात वा नियमात झालेला बदल. चौकशी आयोग कायद्यानुसार अहवाल हाती आल्यापासून सहा महिन्यांत तो कार्यवाहीच्या निवेदनासह सभागृहात मांडावा लागतो. ही मुदत कोणत्या दिवशी संपते, तेही अहवाल सादर होईल त्याच दिवशी चौकटीत टाकावे.

आपला,
इतिहासाचा एक अभ्यासक