मंत्रीसाहेब, विंडोज १० च्या मशिनींचं काय करायचं ते एकदा ठरवा

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, स.न.वि.वि.

मी गुहागर तालुक्यात कॉम्प्युटर रिपेअरिंगचं काम करतो. ग्रामपंचायती, झेडपीच्या शाळा, पतसंस्था, सेवा केंद्रं, आंबा बागायतदारांच्या संस्था, मच्छीमार सोसायट्या, सगळीकडच्या मशिनी हाताखालून जातात म्हणून हे लिहायचं धाडस करतोय.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट बंद केला, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट येणं थांबलं. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काहीच झालं नाही, मशीन चालू झाली, सातबारा निघाला, प्रिंट आली, त्यामुळे ऑफिसातला माणूस म्हणतो की काय फरक पडला नाही. पण साहेब धोका त्या दिवशी सुरू होऊन संपत नाही, तो दर महिन्याला वाढत जातो. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट विंडोज ११ मधली सुरक्षेची भोकं, म्हणजे हॅकरला आत शिरू देणाऱ्या चुका, अपडेट देऊन बुजवतं. आता ११ आणि १० चा आतला बराचसा कोड एकच आहे. मग हॅकर काय करतो, अपडेटच्या आधीची फाईल आणि नंतरची फाईल शेजारी ठेवतो, कुठे काय बदललं ते बघतो आणि त्याला कळतं की भोक इथे होतं. ११ मधलं बुजलं, १० मधलं तसंच उघडं. म्हणजे शेजारच्या घराची दुरुस्ती बघून चोराला आपल्या घराची कच्ची भिंत कळावी तसं हे चालतं, आणि ते दर महिन्याला.

२०१७ आठवा. वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फाईली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, मे महिन्यात आला, त्याचं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं, तरी जगभर मशिनी लॉक झाल्या कारण बऱ्याच जणांनी अपडेट टाकलंच नव्हतं आणि जुन्या विंडोज एक्सपीला तर तोवर अपडेटच नव्हतं, मायक्रोसॉफ्टने ते हल्ल्यानंतर घाईघाईत काढलं. मग जूनमध्ये नॉटपेट्या हा तसलाच व्हायरस आला आणि आपल्याच किनाऱ्यावर, उरणजवळ न्हावा शेवाला, जेएनपीटीच्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. एवढ्या मोठ्या बंदराची ती गत, तर आमच्याकडच्या पतसंस्थेचं काय. अशा एका छोट्या पतसंस्थेत मी स्वतः बघितलंय, सगळं खातं एका मशीनवर, बॅकअपची हार्डडिस्क कायम त्याच मशीनला लावलेली, रॅन्समवेअरने दोन्ही एकदम लॉक केली. नंतर म्हाताऱ्या बायका पासबुकं घेऊन आल्या आणि त्या पासबुकांवरून नोंदी परत लिहाव्या लागल्या. कोणाचं पासबुक पावसात भिजलेलं, कोणाकडे नव्हतंच.

कोणी म्हणतं अँटीव्हायरस आहे ना. आहे, आणि तो ठेवलाच पाहिजे, विंडोज १० मधल्याच डिफेंडर ह्या अँटीव्हायरसला व्हायरसची ओळख ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे. पण तो वाईट फाईल ओळखतो, सिस्टीममधलं भोक बुजवत नाही. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आमच्याकडच्या ऑफिसांत हे कोणीच कधी सांगितलेलं नाही.

मग वरून उत्तर येतं, नवीन मशीन घ्या. साहेब, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. २०१७ च्या आसपास सरकारी खरेदीत आलेल्या कितीतरी मशिनी चांगल्या चालतायत, एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाकली की पळतात, पण ह्या अटीत बसत नाहीत. खारी हवा आहे आमच्याकडे, रॅमच्या पट्ट्या काळ्या पडतात, आम्ही रबराने घासून परत लावतो आणि मशीन चालू होते, अशी जपलेली मशीन भंगारात द्यायला ग्रामसेवकाचा पण जीव होत नाही. आणि भंगारात दिली तर गावातला भंगारवाला वायरी जाळून तांबं काढतो, ई-कचऱ्याचे नियम आहेत पण तो कचरा घ्यायला गावापर्यंत कोणी येत नाही.

काही पोरं अट चुकवून विंडोज ११ बसवून देतात. घरच्या मशीनचं ज्याचं त्याने बघावं, पण सरकारी मशीनवर हे नको, कारण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील ह्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि फार जुन्या कोअर टू ड्युओवर तर विंडोज ११ चं २४एच२ व्हर्जन बूटच होत नाही. फुकटात ॲक्टिव्हेट करणारी क्रॅक सॉफ्टवेअरं तर ऑफिसात दिसलीच नाही पाहिजेत, व्हायरस यायचा तो बऱ्याच वेळा तिथून येतो.

पैसे भरून अपडेट चालू ठेवता येतात, त्याला ईएसयू म्हणतात. घरगुती मशीनला ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याला सेटिंग सिंक केलं तर फुकट पण मिळतं, पण ही स्कीम ऑफिसच्या मशीनला नाही. संस्थांना पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, मग १२२, मग २४४. तिन्ही वर्षांचे मिळून ४२७ डॉलर होतात, तेवढ्यात नवीन मशीन येते. म्हणून मी म्हणतो सरसकट भरू नका, जिथे विंडोजशिवाय कामच होत नाही तेवढ्याच मशिनींना पहिलं वर्ष भरा आणि त्या वर्षात नवीन मशीन आणा. शाळांचं मात्र वेगळं आहे, शिक्षणसंस्थांना १, २ आणि ४ डॉलर असा दर आहे, म्हणजे तीन वर्षांचे ७ डॉलर. एकेका मुख्याध्यापकाला हे लायसन्स घेणं जमणार नाही, राज्याने एकत्र घेतलं तर झेडपीच्या शाळांचा प्रश्न चहापाण्याच्या पैशांत सुटतो. हे का होत नाही हे मला खरंच कळत नाही.

आता मुख्य मुद्दा. बाकी बऱ्याच मशिनी मी लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट सिस्टीमवर, नेऊ शकतो. लिनक्स मिंट ४ जीबी रॅमवर चालतं, मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहेच, टायपिंग आणि हिशोबाला लिब्रेऑफिस आहे, अपडेट फुकट येतात. केरळने सगळ्या सरकारी शाळा कधीच ह्या वाटेवर नेल्या, त्यांची काईट संस्था स्वतःचं लिनक्स बनवून शाळांना देते. मग आमचं अडतं कुठे? अंगठ्याच्या मशीनवर. त्याचं ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस (अंगठा आधारशी जुळवायला लागणारं सॉफ्टवेअर) आमच्याकडे येते ती विंडोजची. डिजिटल सहीच्या टोकनला लिनक्सचं ड्रायव्हर मिळतं, पण पोर्टलवर सही करायचं जे छोटं सॉफ्टवेअर असतं ते ईएक्सई फाईल, म्हणजे फक्त विंडोजसाठी बनवलेलं. जुनी प्रोसिडिंगं आणि दाखले युनिकोडच्या (आताच्या मराठी टायपिंगच्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमधले, फॉन्ट टाकला तर वाचता येतात, पण टायपिंगचं सॉफ्टवेअर परत विंडोजचंच. म्हणजे दिवसभराचं ९ आणे काम लिनक्सवर होतं आणि उरलेल्या ७ आण्यांसाठी अख्खं ऑफिस असुरक्षित विंडोजवर बसून राहतं. हे आमच्यासारख्या माणसाच्या हातात नाही, टेंडर काढणाऱ्याच्या हातात आहे. राज्याच्या प्रत्येक पोर्टलच्या टेंडरमध्ये एवढी एक अट टाका की सही आणि अंगठा लिनक्सवर चालला पाहिजे, नाहीतर बिल पास होणार नाही. एवढं केलंत तरी निम्मी लढाई झाली.

ते होईपर्यंत तालुक्याला एक आदेश तरी काढा. ज्या मशीनवर फक्त टायपिंग आणि प्रिंट आहे तिची नेटची वायर काढून ठेवा, वायफाय बंद करा. विंडोज ७ वाल्या मशिनी अजून आहेत, त्यांचा सपोर्ट २०२० च्या जानेवारीतच गेला आणि क्रोम ब्राउझरचं १०९ नंतरचं व्हर्जन त्यांच्यावर येतच नाही, त्यांच्यावर बँकेचं किंवा फळपीक विम्याचं काम करायला सक्त मनाई करा. रोजचं काम ॲडमिन खात्यातून नको, साधं खातं बनवा, हे फुकट आहे आणि पाच मिनिटांचं आहे. ॲनीडेस्कसारखं, लांबून मशीन चालवू देणारं सॉफ्टवेअर काम झाल्यावर चालू ठेवायचं नाही. बॅकअप दोन डिस्कवर, काम झालं की डिस्क काढायची आणि एक दुसऱ्या इमारतीत, शक्यतो उंचावर ठेवायची. २०२१ च्या जुलैत चिपळूणमध्ये तळमजले पाण्याखाली गेले तेव्हा त्याच टेबलाच्या खणातला बॅकअप कोणाच्या कामाला आला नाही. आणि पैशांची फसवणूक झालीच तर १९३० हा नंबर प्रत्येक सेवा केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात पाहिजे, कारण पहिल्या काही तासांत फोन केला तर पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त असते.

साहेब, ईएसयूचा दर दर वर्षी दुप्पट होतो आणि उशिरा येणाऱ्याला मागच्या वर्षाचे पण भरावे लागतात, म्हणून फाईल फिरत राहिली तर खर्च वाढणार आहे. आधी तालुकावार यादी मागवा, कुठल्या मशीनवर काय चालतं, प्रोसेसर कुठला, नेट लागतं का, अंगठा लागतो का. गुहागरची यादी करायला मी आणि इथली दोन-तीन रिपेअरवाली पोरं तयार आहोत, पंचायत समितीने फक्त ऑफिसांना पत्र द्यावं की आम्हाला मशिनी बघू द्या.

आपला,
गुहागरचा एक कॉम्प्युटर रिपेअरवाला