चोवीस चिन्हांचे तक्ते

महोदय,

'आपले नाव हायरोग्लिफमध्ये लिहा' असे सांगणारे तक्ते हल्ली सर्रास दिसतात. 'ए'साठी गिधाड, 'बी'साठी पाऊल, की झाले नाव तयार! गंमत म्हणून ठीक. पण त्यामुळे प्राचीन इजिप्तची लिपी म्हणजे चित्रांची एबीसीडी, असा समज पक्का होतो.

एकेका व्यंजनाची ही २४ चिन्हे खरीच आहेत. मात्र अभिजात काळात सुमारे ७०० चिन्हे चालत. बाकीची दोन-तीन व्यंजनांची किंवा निव्वळ अर्थ दाखवणारी. घराचे चिन्ह घ्या : खालच्या बाजूला दाराएवढी फट असलेला आयत. उच्चार प-र. खाली उभी रेघ असेल तर अर्थ 'घर'. त्याच आयतामागे तोंड आणि चालते पाय आले, की 'बाहेर पडणे'. इथल्या तोंडाचा तोंडाशी काही संबंध नाही. ते 'र'चे चिन्ह असून आयतातला 'र' पुन्हा सांगते. नवशिका तो वेगळा धरून 'परर' वाचतो आणि फसतो. पाय तर वाचायचेच नसतात. शब्द हालचालीचा आहे, एवढेच ते सुचवतात. दोन शब्दांत जागा न सोडणाऱ्या या लिपीत शब्द कुठे संपला, हेही अशा चिन्हांवरूनच कळते.

स्वर लिहीत नसत. गिधाड हेदेखील व्यंजनच, आपला 'अ' नव्हे. 'नेफर' (म्हणजे सुंदर, चांगले) या शब्दातले स्वर अभ्यासकांनी सोयीसाठी घातलेले. मुळात फक्त न-फ-र. ग्रीक अक्षरांत स्वरांसह लिहिल्या गेलेल्या कॉप्टिकमध्ये, म्हणजे याच भाषेच्या शेवटच्या रूपात, हाच शब्द 'नूफे' असा सापडतो.

वाचायला सुरुवात माणसा-पक्ष्यांची तोंडे ज्या बाजूला असतील तिकडून करायची. तरीही क्रम चकवतोच : तुतनखामुनच्या नावात 'आमुन' सर्वांत आधी कोरलेला असतो, कारण देवाला पहिला मान.

व्याकरण मराठी माणसाला परके वाटू नये. 'सन' म्हणजे भाऊ, 'सनत' बहीण. दोघांसाठी संस्कृतसारखे वेगळे द्विवचनही आहे. फक्त क्रियापद वाक्याच्या आरंभी येते आणि विशेषण नामानंतर. शिंगवाल्या सापाचे 'फ' नामाला जोडले तर 'त्याचे', क्रियापदाला जोडले तर 'तो'.

तक्ते छापायचेच असतील तर नावाच्या शेवटी बसलेला पुरुष किंवा बसलेली स्त्री तरी काढायला सांगावे. व्यक्तीचे नाव साधारणपणे तिथे पुरे होते.

– प्राचीन लिपींचा एक अभ्यासक