आमच्या मैदानाचं मशीन उभं करणाऱ्या चाचांना

चाचा,
सलाम आणि नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात न देता सगळ्यांसमोर लिहितोय. दुकानात येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो सर, चहा घ्या" म्हणता आणि विषय तिथंच मिटवता. दुसरं कारण असं की मराठवाड्यात अशा कितीतरी शाळा, कॉलेजं आणि कारखान्यांची आवारं असतील, जिथं बसून चालवायचं गवतकापणीचं मशीन शेडमध्ये धूळ खात पडलंय आणि "याचे पार्ट इकडं मिळत नाहीत" एवढ्यावर सगळ्यांनी हात टेकलेत. तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळावं, असं मला मनापासून वाटतं.

आमचं मैदान काळ्या मातीचं. उन्हाळ्यात अख्खा पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडतात. गवत असलं की माती धरून राहते आणि पोरांचे गुडघे वाचतात. पण तेच गवत श्रावणात मांडीपर्यंत आलं की साप-विंचवाच्या भीतीनं पीटीचा तास व्हरांड्यात घ्यावा लागतो. खो-खो, कबड्डीच्या तालुका स्पर्धा नेमक्या त्याच दिवसांत. पंधरा ऑगस्टचं आणि १७ सप्टेंबरचं, म्हणजे मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदनही याच मैदानावर. म्हणून संस्थेनं वाळूजच्या एका कारखान्यानं काढून टाकलेलं अमेरिकन राइड-ऑन मोअर विकत घेतलं. सुरुवातीला ते झकास चाललं. मग एका पावसाळ्याच्या तोंडावर त्यानं असहकार पुकारला. सेल्फ मारला की इंजिन अर्धा फेरा फिरायचं आणि टक्कन अडकायचं.

बॅटरी बदलून झाली. सेल्फची मोटर खोलून, कार्बन बदलून झाली. मोठ्या शहरातल्या एका विक्रेत्यानं मशीन न बघताच फोनवर निकाल दिला, इंजिनच नवीन टाका. आकडा ऐकून संस्थेच्या बैठकीत सगळे गप्प झाले, कारण तेवढ्यात नवी मोटारसायकल आली असती. मग आमचे माळीमामा म्हणाले, "सर, मोंढ्यात त्या चाचांना एकदा दाखवू की. कडबाकुट्टीपासून फवारणी पंपापर्यंत सगळं तेच करतात. आपलंच कामून करणार नाहीत?"

तुम्ही आलात, आणि पहिली गोष्ट केलीत ती म्हणजे प्लग काढला. प्लग बाहेर ठेवून सेल्फ मारायला सांगितलात. इंजिन भन्नाट फिरलं. तुम्ही म्हणालात, "बॅटरी चांगली, सेल्फ चांगला. इंजिन स्वतःच अडतंय. आता ते का अडतंय ते बघू." एवढ्या दिवसांत कुणाच्या डोक्यात न आलेली तपासणी, आणि तिला एका पान्याशिवाय काहीही लागलं नाही.

नंतर तुम्ही जे समजावलंत ते मी आमच्या दहावीच्या पोरांनाही फळ्यावर आकृती काढून सांगितलं. एवढ्या मोठ्या एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वर येताना जो दाब तयार होतो, तो छोट्या सेल्फला पेलत नाही. म्हणून कॅमवर, म्हणजे वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, एक बारीक उंचवटा दिलेला असतो. इंजिन हळू फिरत असताना तो एक वॉल्व्ह किंचित उघडा धरतो, थोडा दाब निसटतो, पिस्टन पुढं सरकतो. इंजिनानं वेग घेतला की उंचवटा आपोआप बाजूला होतो. पण टॅपेट ढिलं पडलं, म्हणजे वॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट वाढली, की तो उंचवटा वॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. दाब पुरा अडकतो आणि सेल्फ अर्ध्या फेऱ्यात थांबतो. माणसं मात्र बॅटऱ्या बदलत राहतात.

टॅपेट किती ठेवायचं हे तुम्ही अंदाजानं केलं नाहीत. आधी रॉकेलच्या बोळ्यानं इंजिनाच्या पत्र्यावरचा काळा थर पुसलात आणि खाली ठोकलेले आकडे वर आले. मॉडेल, टाइप आणि कोड. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या कंपनीच्या इंजिनांवर हे तीन आकडे असतात आणि कोडचे पहिले दोन अंक इंजिन बनल्याचं साल, पुढचे दोन महिना सांगतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तुम्ही ते आकडे वहीत उतरवलेत, भाच्याला मोबाइलवर त्या नंबरचं पुस्तक काढायला लावलंत, आणि मगच टॉप कव्हर खोललंत. पिस्टन टॉपला आणून पाव इंच खाली सरकवला. फट मोजायच्या फीलर गेजची पाती इनटेक वॉल्व्हला ०.१० मिलिमीटरची, एक्झॉस्टला ०.१५ ची. पाती रॉकरखालून ओढताना ती हलकीशी अडकली पाहिजे, घट्ट नको आणि सैलही नको, हे तुम्ही माळीमामांच्या बोटांना करायला लावून शिकवलंत. प्लग बसवला, चोक ओढला, सेल्फ मारला. इंजिन सुरू झालं तेव्हा शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीला लोंबकळत होती.

खरं तर काम एवढंच होतं. पैसे घेऊन तुम्ही जाऊ शकला असतात. पण मशीन चालू झाल्यावर डेकमधून, म्हणजे पातं झाकणाऱ्या खालच्या पत्र्यातून, येणारी थरथर तुम्हाला आवडली नाही आणि तुम्ही परत खाली वाकलात. माझे सगळ्यात जास्त आभार त्या परत वाकण्याला आहेत.

पातं ज्यावर फिरतं तो स्पिंडल खोलला तर आत ६२०३ नंबरचं बेअरिंग, आणि शाफ्टवर गुंडाळलेली पत्र्याची पट्टी. पूर्वी कुणीतरी बसवलेलं. ६२०३ म्हणजे आतून १७ मिलिमीटर, बाहेरून ४०, जाडी १२. मोंढ्यात कुठंही मिळतं. पण तुम्ही शाफ्टला व्हर्नियर लावलात तर माप आलं १५.८७. म्हणजे पाच अष्टमांश इंच. बाहेरून हुबेहूब तेच बेअरिंग, आतून मिलिमीटरभराहून जास्त फरक, आणि तो फरक पत्र्यानं भरलेला. मी म्हणालो, लेथवर बुश, म्हणजे फरक भरणारी नळी, करून घेऊ का? तुम्ही मान हलवलीत. "सर, पाणी उपसायच्या पंपाला चाललं असतं. हितं पातं फिरतंय, आणि पलीकडं लेकरं खेळतायत." इंचातल्या भोकाचं तेच बेअरिंग स्वतंत्र मिळतं आणि ते मागवायचं, हे तुम्ही ठरवून टाकलंत.

त्या रात्री मी मुद्दाम शोधलं. अमेरिकेतल्या मानकानं पात्याच्या टोकाच्या वेगाला मिनिटाला १९,००० फुटांची मर्यादा घातली आहे. ताशी हिशेब केला तर सुमारे ३४७ किलोमीटर. तेव्हा तुमच्या "लेकरं खेळतायत" या शब्दांचं वजन कळलं. आमच्या पात्याला भोकाजवळ बारीक तडा होता. वेल्डिंग करून द्या म्हणणारेही आम्हीच, कमानपाट्याचं पातं कापून देतो म्हणणारे कारागीरही गावात होते. तुम्ही दोन्ही गोष्टींना साफ नकार दिलात. कमानपाटा कडक असतो, दगड लागला की तो वाकत नाही, तुकडा उडतो. पातं असं हवं की जे वाकेल पण फुटणार नाही. आणि पात्याचं मधलं भोकही बघून घ्यायचं. हस्कवर्ना, क्राफ्ट्समन या कंपन्यांच्या बऱ्याच मशीनना पाच टोकांच्या चांदणीचं भोक, एमटीडीच्या बऱ्याच मशीनना सहा टोकांच्या. लांबी जुळली म्हणून पातं जुळलं असं नाही. तुम्ही जुन्या पात्याखाली कागद धरून भोक पेन्सिलीनं गिरवलंत आणि तो कागद फोटो काढून दुकानदाराला पाठवलात.

पट्ट्याची गोष्ट तर प्रत्येक मशीनवाल्यानं लिहून ठेवावी. आमच्या डेकचा पट्टा गवत दाट लागलं की घसरायचा. त्यावर छापलेलं होतं ए-८४. कंपनीच्या यादीत लांबी ८४ इंच, मग चूक कुठं? तुम्ही सांगितलंत, आपल्या चक्कीच्या दुकानात ए-८४ म्हटलं की ८४ इंच ही आतली लांबी. अमेरिकन यादीत ४एल८४० म्हटलं की ८४ इंच ही बाहेरची. म्हणजे आपल्याकडचा जोड ए-८२. पूर्वी ज्यानं बसवला त्यानं दोन इंच लांब पट्टा घातला होता. पण तुम्ही ए-८२ ही घेऊ दिला नाहीत. मोअरचा पट्टा दर वेळी पातं चालू करताना ताणला जातो, बंद करताना ढिला होतो, पाठीवरूनही पुलीवर घासतो. त्यात अ‍ॅरमिडचा, म्हणजे सहसा न ताणणाऱ्या मजबूत धाग्याचा, दोरा हवा, साधा पट्टा ताणून लांबतो किंवा जळतो. "एक पावसाळा काढायचा असंल तर चक्कीचा घ्या, नाहीतर थोडं थांबा," असं तुम्ही म्हणालात, आणि आम्ही थांबलो.

हे सगळं मागवायचं कुठून, हाच तर मूळ प्रश्न होता. इथंही तुम्ही आम्हाला रस्ता दाखवलात. सीट उचलली की खाली पाटी असते, तिच्यावर मशीनचा नंबर. इंजिनाचा नंबर वेगळा, मशीनचा वेगळा. टॅपेटचा गॅस्केट इंजिनाच्या नंबरावर, पट्टा-पातं-बेअरिंग मशीनच्या नंबरावर. त्या नंबरावरून सुट्या भागांचा नकाशा मिळतो आणि नकाशातून पार्ट नंबर. एका दुकानदारानं पट्ट्याचा नंबर ऐकून "बंद झालाय" म्हणून फोन ठेवला. तुम्ही शांतपणे सांगितलंत की कंपन्या जुना नंबर बंद करून त्याच वस्तूला नवा नंबर देतात, तेव्हा "याच्या जागी कुठला आला" असं विचारायचं. पुण्याच्या दुसऱ्या दुकानात तसं विचारलं, तर पट्टा त्यांच्या मांडणीवरच होता. आठवड्याभरात ट्रॅव्हल्सच्या गाडीनं सगळं सामान परभणीला आलं, आणि एकही वस्तू परत पाठवावी लागली नाही.

जाता जाता तुम्ही माळीमामांना जे सांगून गेलात ते आता शेडच्या दारावर चिकटवलं आहे. दिवाळीनंतर गवत थांबलं की टाकीतलं पेट्रोल काढून टाकायचं आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बेटर कोरडा करायचा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि अशा बहुतेक इंजिनांची पुस्तकं १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, उन्हाळाभर ते आत राहिलं की जेट, म्हणजे कार्बेटरमधली बारीक भोकं, चोंदतात. ओल्या काळ्या मातीत मशीन घालायचं नाही, डेकखाली लगदा बसला तर त्याच दिवशी खरवडायचा. पातं घासून झालं की खिळ्यावर अडकवून बघायचं, एक बाजू खाली गेली तर तिकडचं आणखी थोडं घासायचं. आणि डेकखाली हात घालण्याआधी प्लगची वायर काढायची, घाई असली तरी. माळीमामा हे सगळं जसंच्या तसं पाळतात. "चाचांनी सांगितलंय" एवढं त्यांना पुरतं.

यंदा मैदान वेळेवर कापून झालं. मुलींचा खो-खोचा संघ रोज संध्याकाळी अंधार पडेपर्यंत सराव करतो. बाकी तुमचे पैसे. तुम्ही टॅपेटच्या कामाचेच घेतलेत, डेकचे घेतले नाहीत. संस्थेनं ते मंजूर केले आहेत आणि माळीमामा ते घेऊन येतील. कृपा करून परत पाठवू नका, ते तुमच्या कष्टाचे आहेत.

आणखी एक विनंती. येत्या १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला तुम्ही पाहुणे म्हणून यावं, असं सगळ्या शिक्षकांनी मिळून ठरवलंय. भाषण नको असेल तर राहू द्या. येताना व्हर्नियर आणि फीलर गेज घेऊन या. नववी-दहावीच्या पोरांना तुम्ही ते शाफ्टचं माप घेऊन दाखवावं. जुना शाफ्ट आणि ती पत्र्याची पट्टी मी प्रयोगशाळेत जपून ठेवली आहे.

भाच्याला आशीर्वाद.

आपला,
क्रीडाशिक्षक,
परभणी