अंगठ्याचे हाड आणि रोजचे चालणे

महोदय,

पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी वाढलेला उंचवटा, म्हणजे बुनियन, मी ९ वर्षे सोसते आहे. मी शिक्षिका, तिसऱ्या तासानंतर तिथे ठणका लागतो, रात्री पांघरुणाचा स्पर्शही नकोसा होतो. ‘टोकदार चपलांची हौस’ असे लोक म्हणतात तेव्हा वाईट वाटते. माझ्या आईचा आणि आजीचा अंगठाही असाच वळलेला होता. पायाची ठेवण वारशाने येते. अरुंद पादत्राणे दुखणे वाढवतात, एवढे खरे. रुंद पंजाचे बूट घेतल्यापासून चालणे सुसह्य झाले. रात्री अंगठ्याला बांधायच्या पट्ट्याने आराम पडला, पण अंगठा सरळ झाला नाही.

आता शस्त्रक्रियेचा विचार चालू आहे. त्यात हाड नुसते तासत नाहीत. बहुधा कापून सरळ रेषेत आणतात आणि स्क्रूने बसवतात. मग सुमारे ६ आठवडे खास बूट, आणि सूज पुरती उतरायला कित्येक महिने. अंगठा पुन्हा वळूही शकतो. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारले, ‘‘दुखते म्हणून करायची, की दिसते म्हणून?’’ हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला.

आपल्या आरोग्य पुरवणीत अस्थिरोगतज्ज्ञांचा यावर सविस्तर लेख द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक शिक्षिका