कपलर बसवायला दिले होते, कापायला नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: 1986 च्या प्रीमियर पद्मिनीच्या वायरिंगचे कापलेले कपलर. काम पुन्हा करून द्यावे किंवा 17,700 रुपये परत करावेत.

महोदय,

तुमच्या माणसाने आज दुपारी सव्वातीनला माझं बोलणं अर्धवट तोडून फोन ठेवला. पाच आठवड्यांतला हा सातवा फोन होता. आता जे काही असेल ते लेखी.

वायरिंग तुम्हीच बनवता, त्यामुळे कुठली वायर कुठं जाते ते मी तुम्हाला सांगत बसत नाही. माझी तक्रार कपलरची आहे, म्हणजे वायरची टोकं एकमेकांत अडकवून जोडणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यांची. 9 जूनला मी गाडीतली जुनी वायरिंग काढून, प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधून तुमच्याकडे पाठवली. पावतीवर तुमच्याच माणसाने दोन रकमा लिहिल्या आहेत: नवीन वायरिंग 14,500 आणि जुने कपलर नव्या वायरिंगवर बसवणे 3,200. हे 3,200 मी वेगळे मोजले, कारण डिपर-इंडिकेटरच्या स्विचचा आणि मीटरमागचा कपलर आता कुठल्याच दुकानात मिळत नाही. पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली. मुंबईतल्या टॅक्सी होत्या तोवर भंगारात काहीतरी हाती लागायचं. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची टॅक्सीही रस्त्यावरून गेली.

4 ऑगस्टला वायरिंग आली. वरून काळी टेप इतकी सफाईने गुंडाळलेली, की मी घरी सगळ्यांना बोलावून दाखवली. गाडीत बसवली आणि दुसऱ्याच रात्री कराडहून येताना उजवा दिवा मंदावला, डॅशबोर्डखालून प्लास्टिक तापल्याचा वास आला. गाडी बाजूला घेऊन बॅटरीची वायर काढली. कपलरला हात लावला तर चटका बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेप सोडवली. आत जुन्या वायरचे दोन-दोन इंचांचे तुकडे. कपलर वायरसकट कापून काढलेला आणि ते तुकडे नव्या वायरला नुसते पिळून जोडलेले. ना सोल्डर, ना जोडावर घालायची स्लीव्ह (नळी). नव्या वायरचं तांबं लखलखीत, जुन्याचं काळं पडलेलं, दोनतीन तारा तर हिरव्या. सतरा कपलरपैकी अकरा असे निघाले. उरलेल्या सहांत पिना नव्या आहेत, पण त्यांच्या पाठीवरची, पिन कपलरमध्ये अडकवून धरणारी जीभ दबलेली. वायर हलकेच ओढली की पिन मागून बाहेर येते. दोन कपलरचं प्लास्टिक फुटलंय आणि ते तुम्ही टेपने बांधून पाठवलंय.

कपलर बसवणं म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे, तोच तुमचा धंदा आहे. समोरून बारीक सळई घालून जीभ दाबायची, पिन मागून ओढून घ्यायची. नव्या वायरला नवी पितळी पिन क्रिंप करायची, म्हणजे पक्कडीने दाबून बसवायची, पिनेचे पुढचे कान उघड्या तांब्यावर आणि मागचे कान वायरच्या आवरणावर. जीभ उचललेली आहे ना बघायचं, कट्ट असा आवाज येईपर्यंत पिन आत सारायची आणि एकदा ओढून बघायची. जुनं प्लास्टिक कडक झालेलं असतं, म्हणून आधी ते कोमट पाण्यात धरायचं. मी शाळामास्तर, हे माझं काम नव्हे. तरी एक कपलर मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर असाच मोकळा केला. पाऊण तास लागला.

आता आजच्या फोनबद्दल. तो मी शब्दन् शब्द लिहून ठेवला आहे. मी म्हणालो, जोड तापतोय. तुमचा माणूस म्हणाला, "काका, तुम्ही टेप काढलीच कशाला?" मी म्हणालो, वास आला म्हणून. तर म्हणाला, "टेप काढली की वॉरंटी संपली." मी विचारलं, पैसे कपलर बसवायचे घेतलेत, मग कापले का? यावर त्याचं उत्तर: "वरून टेप आहे ना? मग दिसतंय कुठं? आणि पद्मिनीला आता कोण विचारतं? एवढी भीती वाटत असेल तर फ्यूज आहे की, तो उडेल." मी सांगायला लागलो की अशा जोडाने फ्यूज उडत नाही, तेवढ्यात त्याने फोन ठेवला.

जे मला बोलू दिलं नाही ते इथे लिहितो. तो जोड मी मीटरने मोजला. 55 वॅटचा दिवा चालू असताना एकट्या जोडावर 0.8 व्होल्ट पडत होते. करंट साडेचार अँपिअर धरा, म्हणजे साडेतीन वॅट उष्णता नखाएवढ्या जागेत, टेपच्या आत. करंट वाढलेलाच नाही, तर फ्यूज उडेल कशाने? वायर मात्र जळेल. वायरिंग विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला "फ्यूज उडेल" असं सांगणं हे मला कापलेल्या कपलरपेक्षाही वाईट वाटतं.

ही गाडी माझ्या वडिलांनी घेतली. आईला दवाखान्यात न्यायला, बहिणीच्या लग्नात, सगळीकडे हीच. "कोण विचारतं" याचं उत्तर हेच, आम्ही विचारतो. त्या गाडीत माझी नातवंडं बसतात आणि तुम्ही तिच्यात पिळलेले जोड टेपखाली लपवून पाठवलेत. तुमचं नाव मी तिघाचौघा पद्मिनीवाल्यांना सुचवलं होतं. त्यांना काल फोन करून टेप सोडवून बघायला सांगितलं.

कपलर कापले, हे पुन्हा लिहितो. ते कापायचा अधिकार तुम्हाला नव्हता.

पंधरा दिवसांत वायरिंग तुमच्या खर्चाने नेऊन अकराही जोड काढा, सतराही कपलरच्या पिना नव्याने बसवा, नाहीतर 17,700 रुपये परत करा. दोन्ही झालं नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाणार. मी राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. उघडलेल्या जोडांचे फोटो आणि पावतीची प्रत सोबत जोडली आहे.

आपला,
एक पद्मिनीमालक, सांगली

ता. क. जुनी वायरिंग भंगारात टाकली असेल तर आजच शोधा. फुटलेल्या कपलरचे तुकडे सापडले तर तेही टाकू नका, डबीत घालून पाठवा. चिकटवून मापं घेता येतील, त्यावरून नवा बनवून घेता येईल.