तोरिनोच्या मेस्त्रींना

मेस्त्री, सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे तुम्हाला माएस्त्रो म्हणतात. आमच्या कोकणात ज्याच्या हातात कसब, तो मेस्त्री. शब्द आमच्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला, पण मूळ तुमच्याच लॅटिनमधलं. मनापासून आभार मला मराठीतच मानता येतात, म्हणून मराठीत लिहितोय. भेटल्यावर अर्थ सांगेनच.

लांचा फुल्विया कूपे, तुमच्या इटलीची ती जुनी दोन दारांची गाडी, घ्यायची, एवढंच मी ठरवलं होतं. लांचाचे डिझायनर पिएरो कास्तान्येरो यांना रीवा कंपनीच्या लाकडी मोटरबोटींवरून सुचलेली ती रेखीव गाडी १९६५ साली आली. बारीक खांब, चहूकडे काच, आत बसलं की उजेडच उजेड. मी भुललो होतो, आणि भुललेल्या माणसाला पत्रा दिसत नाही.

पहिली गाडी आठवते? लालभडक, वर काळं बॉनेट, १९७२ ला मोंटे कार्लो रॅली जिंकलेल्या मुनारी-मानुच्चींच्या गाडीसारखी. विकणारा तिला १.६ एचएफ, म्हणजे रॅलीचं ताकदवान मॉडेल, म्हणत होता आणि किंमतही तशीच सांगत होता. तुम्ही बॉनेट उघडून चासीचा नंबर वाचलात: ८१८.६३० ने सुरू होणारा. म्हणजे साधी १.३ एस. मग खिशातून फडक्यात गुंडाळलेलं चुंबक काढलंत. दाराखालच्या पट्टीवर ते चिकटलंच नाही, आत नुसती पुट्टी. शेवटी त्या थंड फरशीवर, सत्तरी ओलांडलेल्या वयात, उताणे गाडीखाली शिरलात आणि मलाही ओढून घेतलंत. इंजिन आणि सस्पेन्शन पेलणारी पुढची सबफ्रेम बॉडीला जिथे बोल्टने बसते, तिथे तुम्ही स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो आत गेला. मी बयाणा द्यायला निघालो होतो, मेस्त्री.

दुसरी गाडी मी एकट्याने पाहिली असती तर दारातूनच परतलो असतो. फिकट निळी, १९७३ ची, रंग उडालेला, सीट फाटलेल्या, इंजिन तीन सिलिंडरवर कण्हत होतं. तुम्ही मात्र पुढच्या सबफ्रेमपासून मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या जोडांपर्यंत हात फिरवलात आणि हसलात. "इंजिन मी करीन. सडलेला पत्रा कोण करणार?"

आणि केलंतच. जेमतेम बारा-तेरा अंशांचा कोन असलेलं ते व्ही-फोर, म्हणजे V आकारात चार सिलिंडरचं इंजिन, चारहींना एकच हेड. एक कॅमशाफ्ट सगळे इनटेक व्हॉल्व्ह उघडतो, दुसरा सगळे एक्झॉस्ट. तुम्ही ते उघडून दाखवलंत तेव्हा माझं बोलणं थांबलं. चार शनिवार मला टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करायला शिकवलंत, चुकलो की तोच व्हॉल्व्ह पुन्हा करायला लावलात. पैसे घेतलेत ते फक्त गॅस्केट आणि प्लगचे.

मालकीचे कागद आता माझ्या नावावर झालेत. पाचवा गिअर सहज पडतो, चारही डिस्क ब्रेक सरळ धरतात. थंडीत पहिल्या चावीला सुरू झाली की माझा हात आपोआप डॅशबोर्डच्या लाकडावर जातो.

फुल्विया हे नाव तोर्तोनाहून तोरिनोला येणाऱ्या जुन्या रोमन रस्त्याचं, हे तुम्हीच सांगितलंत. येत्या रविवारी त्याच बाजूला जाऊ. सकाळी आठला तुमच्या दारात येतो. चावी तुमच्याकडे, मी शेजारच्या सीटवर.

तुमचा,
फिकट निळ्या गाडीवाला