‘प्रार्थनेत आठवण ठेवतो’, एवढ्यावरच थांबतो आपण

संपादक महोदय,

नाताळ जवळ आला. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तारे टांगणं, गीतांचा सराव, केकचा हिशेब सुरू झाला आहे. मला मात्र गेल्या वर्षीची एक गोष्ट स्वस्थ बसू देत नाही.

आमच्या गल्लीतली एक बाई आजारी नवऱ्याला घेऊन मिरजेला इस्पितळात होती. रविवारी पाळकसाहेबांनी तिचं नाव सांगितलं, सगळ्यांनी डोळे मिटले. मी तिला फोनवर ‘प्रार्थनेत आठवण ठेवतो’ म्हणालो आणि घरी जेवायला आलो. आमच्या मंडळीतल्या सत्तरी ओलांडलेल्या एक आजी त्याच दुपारी सिटी बसने तिकडे गेल्या. फडक्यात दोन भाकऱ्या, डब्यात मेथीची भाजी. ‘जा, अंघोळ करून घे, थोडी पड. मी बसते याच्याजवळ.’ त्या बाईने चार दिवसांनी केस धुतले. हे तिने मला सांगितलं तेव्हा माझी मान खाली गेली.

उघड्या, उपाशी भावाबहिणीला नुसतं ‘सुखाने जा, पोटभर जेवा’ म्हणून वाटेला लावलं तर त्याचा काय उपयोग, असं बायबलमधला याकोब आपल्या पत्रात विचारतो. कितीदा वाचलं होतं! ते मलाच विचारलेलं आहे, हे कळायला आजींचा डबा लागला.

पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या निराधार, उपासमारीने खंगलेल्या मुलींना घेऊन आल्या. केडगावला त्यांना आसरा दिला, अक्षरं शिकवली, पोटापुरती कामं शिकवली. बायबलचं मराठी भाषांतर करणाऱ्या बाई त्याच. त्यांच्या एका हातात शास्त्र होतं, तर दुसऱ्या हातात पेजेचं भांडं. आपण मात्र शास्त्र तेवढं धरून ठेवलं.

मिरजेच्या इस्पितळांत कर्नाटकातूनही पेशंट येतात. सोबतच्या माणसाला कधीकधी पैशापेक्षा दोन तासांची झोप हवी असते. तो कुठल्या धर्माचा हे विचारायचं कारण नाही. येशूच्या दाखल्यातल्या परक्या शोमरोन्यानेही रस्त्यात जखमी पडलेल्याला ते विचारलं नव्हतं.

आम्ही पाच घरांनी पेशंटजवळ बसायला दुपारचे वार वाटून घेतले आहेत. शुक्रवार आणि रविवार अजून रिकामे आहेत. कुठल्याही मंडळीच्या माणसाने यावं.

– एक वाचक, सांगली